लेव्हलकाका

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत. 'आयर्विनला किती?' असं विचारतात. कृष्णेवरच्या त्या पुलाशी पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ ला धोका, आणि त्याच्या पुढं गेलं की ज्यानं त्यानं आपापला माळा गाठायचा. अशा गावात जन्मलेला, पाटबंधारे खात्यात हयात काढलेला आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस जगाकडं लेव्हल म्हणूनच बघणार. आमचे काका तसंच बघतात. त्यांचं खरं नाव ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. लेव्हलकाका म्हटलं की पुरतं.

सायकलवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपात असा एक गृहस्थ असतोच. चढाच्या पायथ्याशी पाय टेकून 'हा शेवटचाच, पुढं सगळा उतार' असं सांगणारा. बाकीच्या ग्रुपांतला हा माणूस खोटं बोलतो आणि ते त्यालाही माहीत असतं. काका खोटं बोलत नाहीत. ते सरासरी सांगतात.

आमचा ग्रुप पहाटे हरिपूरच्या रस्त्याला लागतो. एक दंतवैद्य, एक हळदीचे व्यापारी, बँकेतल्या एक मॅडम, पुण्याची नोकरी घरी बसून करणारा आयटीतला एक पोरगा, काका आणि मी. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराला नमस्कार, चहा आणि परत. या सबंध रस्त्यात चढ म्हणावा असा चढ नाही. तरीही काकांच्या हँडलला गवंड्याची असते तशी एक छोटी पाणसळ बसवलेली आहे. टपरीवरचं बाकडं डुगडुगलं की ते ती काढून बाकड्यावर ठेवतात, नळीतल्या बुडबुड्याकडं बघतात, आणि कुठल्या पायाखाली किती जाडीची चिप सारायची ते टपरीवाल्याला सांगतात. चहाबरोबर अलमट्टी निघते, कृष्णेवरचं खालच्या अंगाचं कर्नाटकातलं धरण. धरणाची सध्याची लेव्हल ५१९.६० मीटर आणि कर्नाटकाला हवी असलेली ५२४.२५६, असं काका दशांशासकट म्हणून दाखवतात. सांगलीत यात विशेष काही नाही, हे आकडे आमच्याकडं रिक्षावालाही सांगेल. विशेष हे की काकांना त्या टपरीचा, दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या उंबऱ्याचा आणि स्वतःच्या देवघराचासुद्धा आरएल पाठ आहे. आरएल म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबात त्या जागेची उंची. देव किती उंचीवर बसलेत हे माहीत असलेला असा भक्त मी दुसरा पाहिला नाही.

काकू सांगतात, 'मला बघायला आले तेव्हा पोहे हातात घ्यायच्या आधी म्हणाले, तुमच्या अंगणाचा उतार घराकडं आहे, पाणी आत येत असणार. माझ्या वडिलांनी तिथंच होकार दिला. पाणी येतच होतं.'

काकांच्या डोक्यात नदीकाठची सायकल शिरली ती डॅन्यूबवरून. लेक म्युनिकला असते. तिच्याकडं गेले असताना जावयानं त्यांना पासाउ ते व्हिएन्ना सायकलवरून नेलं. ती वाट युरोपातल्या आजी-आजोबांची. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, रस्ता नदीला चिकटून, सायकलींना पुढं टोपल्या, आणि एवढ्या अंतरात नदी उतरते किती, तर जेमतेम दीडशे मीटर. काका परत आले ते सिद्धांत घेऊनच.

'नदी कधी चढत नाही. म्हणजे नदीकाठचा रस्ता कधी चढत नाही. सपाटच की!'

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्याचं काय होतं ते आम्ही किन्नौर आणि स्पितीत पाहिलं.

शिमल्याहून निघायचं, सतलज गाठायची, तिच्या काठानं किन्नौरमधून वर जायचं, खाबला स्पिती नदी येऊन मिळते तिथं तिचा काठ धरायचा, आणि काझा करून कुंझुमच्या खिंडीतून पलीकडं मनालीला उतरायचं, असा बेत ठरला. काकांनी आलेखाच्या कागदावर एल-सेक्शन, म्हणजे रस्त्याच्या चढ-उताराचा उभा छेद, काढला. रामपूर सुमारे हजार मीटर उंचीवर, काझा साडेतीन हजारांच्या वर, मधलं अंतर तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. भागाकार झाला. 'डोंगरातल्या रस्त्याला एकास वीसपर्यंत मान्यता असते. हा येतोय एकास एकशेदहा. याला चढ म्हणायची लाज वाटली पाहिजे.' एल-सेक्शनवर रामपूर आणि काझा हे दोन ठिपके होते आणि त्यांना जोडणारी एक सरळ रेघ. रेघ पट्टीनं मारलेली होती.

आयटीतला पोरगा म्हणाला, 'काका, मग मनालीकडूनच सुरुवात करू. सगळा उतारच येईल.'

दंतवैद्य दचकले. मनालीकडून गेलं की शरीराला सवय व्हायच्या आत साडेचार हजार मीटरच्या वर चढावं लागतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि जास्त झालं तर जिवावर बेततं. शिमल्याकडून उंची बेताबेतानं वाढते. हे कारण पुरेसं होतं, पण काकांनी आपलं वेगळं दिलं. 'नदीकडं वरनं जायचं नसतं. खालनं, रीतसर, अर्ज करत जायचं असतं.'

शिमला सतलजच्या काठी नाही, हा काकांच्या मते शिमल्याचा दोष. तिथून नारकंडा साठेक किलोमीटर, आणि उंची २,७०० मीटर. आम्ही धापा टाकत पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुमारसैनच्या अंगानं थेट सतलजपर्यंत उतार लागला. देवदारांतून निघालेलो आम्ही बघता बघता उकाड्यात येऊन पडलो. सगळे लहान पोरांसारखे ओरडत सुटले होते. काका दोन्ही ब्रेक दाबून, कपाळाला आठ्या घालून सर्वांच्या मागं. 'एवढी कमावलेली लेव्हल, आणि अशी उधळायची?' त्यांना तो उतार सहन होत नव्हता. नदी दिसल्यावर मात्र ते थांबले, पिशवीतून एम.बी. काढलं आणि चेनेज, म्हणजे वाटेवरचं मोजलेलं अंतर, शून्य असं लिहिलं. एम.बी. म्हणजे खात्यातलं मोजमाप पुस्तक. नोकरी संपली तरी त्यांची ती सवय संपलेली नाही. नारकंड्याची आमची सगळी चढाई 'प्राथमिक कामे' या सदरात एका ओळीत गेली.

रामपूर सुटलं आणि सिद्धांताची कसोटी सुरू झाली. सतलज तिथं दरीच्या तळाशी घुसळत जाते आणि रस्त्याला काठ असा मिळतच नाही. नाला आला की रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो, पुलापर्यंत उतरतो, पलीकडं पुन्हा चढतो. पुढं कडा आडवा आला की एक तर त्याच्यावरून जातो नाही तर त्याच्या पोटात खाच पाडून. नदी एकदाच उतरते. रस्ता दिवसातनं दहा वेळा चढतो आणि नऊ वेळा उतरतो.

'शेवटी वजाबाकी तेवढीच की,' काका म्हणाले.

बँकेतल्या मॅडम पायडलवरून उतरल्या होत्या. 'काका, खात्यात पन्नास हजार भरले आणि एकोणपन्नास काढले, तर शिल्लक हजारच दिसते. पण रांगेत दोनदा उभं राहावं लागतं ना?'

काकांनी याची एम.बी.त नोंद घेतली नाही.

त्यांची खरी गाठ पडली ती नाथपा-झाकरीशी. सतलजचं पाणी वर नाथपाला अडवून डोंगराच्या पोटातून २७.४ किलोमीटर लांबीच्या बोगद्यानं खाली झाकरीच्या वीजगृहाकडं आणलंय. १,५०० मेगावॅटचा हा प्रकल्प. दोन्हींच्या मधल्या टप्प्यात मूळ पात्रात पाणी उरतं ते नावापुरतं. आम्ही त्या टप्प्यात वर-खाली करत घामाघूम होत असताना काका कठड्याला सायकल टेकून पात्राकडं बघत उभे होते. त्यांच्या ध्यानात आलं होतं की आपण नदीच्या काठानं चाललोय, पण नदी तिथं नाहीच. ती डोंगरातून, दहा मीटर व्यासाच्या, अस्तर केलेल्या बोगद्यातून, आखून दिलेल्या उतारानं चालली आहे. एखाद्या भाविकानं पंढरपूर गाठावं आणि विठोबा गावाला गेलाय असं कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

मग त्यांना आठवलं की सतलजमध्ये पावसाळ्यात गाळ फार येतो, आणि गाळ हाताबाहेर गेला की यंत्रं खराब होऊ नयेत म्हणून वीजनिर्मिती थांबवतात. 'म्हणजे बोगदा मोकळा असतोच की मधनंमधनं!' प्रकल्पाच्या एका फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदाराकडं ते गेले. आम्ही लांबून ऐकत होतो.

'भैया, वो टनेल में सायकल जाती है क्या?'

रखवालदारानं आधी काकांकडं पाहिलं, मग पाणसळीकडं. 'कहाँ से आए हो?'

'सांगली.'

'वो किधर पडता है?'

'आलमट्टी के उप्पर,' काका म्हणाले.

बोगद्याची परवानगी मिळाली नाही. पुढं करछम-वांगतूच्या प्रकल्पाचा सतराएक किलोमीटरचा आणखी एक बोगदा होता, तिकडं काकांनी ढुंकून पाहिलं नाही. तरंडा देवीच्या देवळाशी मात्र थांबले. त्या बाजूला रस्ता उभ्या कातळात कोरून काढलाय, डोक्यावर खडकाचं छत, डाव्या-उजव्यापैकी एका बाजूला खोल दरी. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी देवीपुढं थांबल्याशिवाय पुढं सरकत नाही. ट्रकवालेही थांबतात, काकाही थांबले. काय मागितलं ते सांगितलं नाही.

रिकाँग पिओला जायला त्यांचा विरोध होता. हे किन्नौरचं जिल्ह्याचं ठिकाण नदीवर नाही. पोवारीहून डोंगर चढून वर जावं लागतं. तिथं गरम पाण्याची खोली होती, समोर किन्नर कैलास दिसतो असं आम्ही ऐकून होतो. काका म्हणाले, 'तुम्ही या जाऊन. मी चेनेज सोडणार नाही.' रात्र त्यांनी पोवारीत एका ढाब्याच्या बाजेवर काढली. सकाळी आम्ही उतरून आलो तेव्हा ढाबेवाल्याच्या चुलीशेजारचा ओटा काकांनी पाणसळ लावून सारखा करून दिलेला होता आणि त्याच्या बदल्यात आलू पराठे घेतले होते.

खाबला सतलज आणि स्पिती मिळतात. सतलज तिबेटातून येते, दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा, दोन्ही बाजूंना उघडे कडे, आणि डोक्यावर कुठं तरी रिओ पुर्गियल, ६,८१६ मीटर, हिमाचलातलं सर्वांत उंच शिखर. काकांनी सतलजला दोन्ही हात जोडले आणि स्पितीच्या बाजूला वळले. आणि तिथंच रस्त्यानं दगा दिला. स्पितीची घळ त्या भागात इतकी अरुंद आहे आणि दोन्ही अंगांचा डोंगर इतका ठिसूळ, की रस्ता नदीचा नाद सोडून वर पळतो. वळणावर वळण घेत, हजारभर मीटर, थेट नाको गावापर्यंत. या चढावर लागणाऱ्या पहिल्या गावाचं नाव 'का'. हळदीच्या व्यापाऱ्यांनी पाटी वाचली, सायकल सामान घेऊन मागून येणाऱ्या आमच्या पिकअपमध्ये टाकली आणि म्हणाले, 'बरोबर आहे.'

एकेक करून सगळेच उतरलो. कुणी ढकलत, कुणी पिकअपमध्ये. पोराच्या सायकलवरच्या मोजणी यंत्रावर चढ सात टक्के दिसत होता. काकांनी त्याला यंत्राचा पडदा बंद ठेवायला सांगितलं, बॅटरी वाचेल म्हणून. मी त्यांच्या शेजारून चालत होतो, म्हणजे त्यांच्याइतक्याच वेगानं. सर्वांत हलक्या गिअरवर ते एकेक पायडल मारत होते, ओठ घट्ट मिटलेले. पाणसळीतला बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटून बसला होता. एका वळणावर काका क्षणभर थांबले, खिशातून रुमाल काढला, पाणसळीवर बांधला आणि पुन्हा निघाले.

'रस्त्यानं नदी सोडली,' नाकोच्या तळ्याकाठी बसून दम खाताना ते म्हणाले. 'नदीनं रस्ता सोडला नाही. चूक कुणाची ते तुम्हीच बघा.'

इथं एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ३,६६० मीटरवरच्या नाकोपर्यंत सायकलवरून पाय खाली न टेकता, म्हणजे तो रुमालाचा क्षण सोडून, पोचलेला आमच्यातला एकच माणूस होता. बाकीच्यांना तो चढ दिसत होता. काकांना दिसत होती पट्टीनं मारलेली रेघ, आणि त्या रेघेवर ते काटेकोर चालले होते.

नाकोत आणखी एक शोध लागला. सांगलीचा माणूस बाहेर पडला की पिशवीत भडंग असतंच. आमच्या पुड्या खाली रामपूरला नेहमीसारख्या होत्या, नाकोला येईपर्यंत उशीसारख्या टम्म फुगल्या. बाहेरची हवा विरळ, आतली सांगलीची. काकांनी पुडी अंगठ्यानं दाबून पाहिली, मान डोलावली आणि आणखी एका पुडीवर पेननं 'नाको' असं लिहून ठेवलं. त्यानंतर ती पुडी खायला बंदी होती. ते आता उपकरण होतं.

नाकोच्या पुढं मलिंगचा नाला आहे. डोंगर सरकत असलेली ही जागा, रस्त्यावरूनच पाणी जातं. ऊन चढेल तसं वरचं बर्फ वितळतं, पाणी वाढतं, म्हणून हा नाला सकाळी ओलांडायचा, असं तिथलं प्रत्येक जण सांगतो. भडंगाची नोंद करण्यात आमची सकाळ गेली होती. काठावर उभं राहून आम्ही पाण्याकडं बघत असताना काकांना ऋग्वेद आठवला. विश्वामित्र विपाश आणि शुतुद्रीला, म्हणजे आजच्या बियास आणि सतलजला, विनवतो की माझ्या गाड्यांना वाट द्या, पाणी आसाच्या खाली ठेवा. 'आसाच्या खाली! तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसाला कळत होतं की नदीशी बोलायचं तर लेव्हलमध्ये बोलायचं.' मग ते वाकून नाल्याला मोठ्यानं म्हणाले, 'हबच्या खाली ठेव बाई.' पाणी हबला लागलं, पण वर गेलं नाही. दंतवैद्य बूट हातात घेऊन मागून आले आणि त्यांनी अनवाणी पायानं पाण्याचं तापमान काय ते सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सुमदोला काका गप्प झाले. तिथं पारेचू नावाची नदी स्पितीला मिळते. ही भारतात उगवते, तिबेटात जाते आणि फिरून परत भारतात येते. २००४ मध्ये तिबेटात दरड कोसळून तिच्यावर तळं साठलं आणि जून २००५ मध्ये ते फुटलं. ते पाणी इथून स्पितीत, स्पितीतून सतलजमध्ये गेलं आणि आम्ही ज्या रस्त्यानं आलो त्यावरचे पूल घेऊन गेलं. त्याच उन्हाळ्यानंतर, जुलैच्या शेवटाला, कृष्णा सांगलीत शिरली होती. काका तेव्हा रात्रंदिवस फोनला बसलेले असत, दर तासाला आकडा घ्यायचा आणि पुढं कळवायचा. ते फारसं काही बोलले नाहीत. संगमाकडं बघत फक्त म्हणाले, 'वरच्यानं खालच्याला वेळेवर आकडा दिला पाहिजे. एवढंच असतं सगळं.' हळदीच्या व्यापाऱ्यांच्या गोदामात त्या वर्षी पाणी होतं. त्यांनी काकांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

ताबोला ९९६ साली बांधलेला मठ आहे. मातीच्या भिंती, आत हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं. आम्ही चित्रं बघत होतो, काका भिंतीचा ओळंबा बघत होते. बाहेर आल्यावर त्यांचा अभिप्राय असा: 'मी बांधलेली कालव्यावरची चौकी तीन पावसाळ्यांत कलली. इथं पाऊस नाही हे त्यांचं नशीब.' मग थोडं थांबून, 'तरी पण.'

काझात पोचल्यावर पोरानं यंत्राचा पडदा पुन्हा चालू केला आणि रामपूरपासूनच्या चढाईची बेरीज जाहीर केली. काकांच्या वजाबाकीच्या दुपटीच्याही पुढं होती. काकांनी आकडा शांतपणे ऐकला. 'यात उताराची वजावट दाखवलेली नाही,' ते म्हणाले, 'बिल मंजूर होणार नाही.' दुसऱ्या दिवशी आम्ही हिक्कीमचं टपाल कार्यालय बघायला गाडीनं वर गेलो. ४,४०० मीटरवरचं, जगातल्या सर्वांत उंच टपाल कार्यालयांत गणलं जाणारं. काका आले नाहीत, ते नदीवर नव्हतं. त्यांनी काकूंना टाकायला एक कार्ड आमच्याजवळ दिलं. वाचू नये म्हणतात, पण पोस्टकार्ड उघडंच असतं. 'काझा. आरएल ३,६५०, पुडीवरून अंदाजे. सरासरी ०.९ टक्के. प्रकृती समतल.'

काझाच्या वर स्पितीचं पात्र पसरतं, दरी रुंद होते, आणि लोसरच्या बाजूला रस्ता बरंच अंतर खरोखरच नदीच्या शेजारून, फारशी कुरकुर न करता जातो. तेवढ्या टप्प्यात काका दर किलोमीटरला मागं वळून आमच्याकडं बघत होते. बोलत नव्हते. बोलायची गरज नव्हती. चार हजार मीटरवर हवा समुद्रकाठच्या साठेक टक्केच असते, त्यामुळं आम्हाला बोलता येतही नव्हतं. काकांच्या मते हवा कमी म्हणजे समोरून अडवणारीही कमी.

कुंझुमच्या चढाला नदी संपली. काका तिथं पहिल्यांदा सायकलवरून उतरले आणि निमूटपणे ढकलत चालू लागले. नदी नाही तर सरासरी कशाची काढायची? वर पताका फडफडत होत्या. साडेचार हजारांच्या वरची ही खिंड, इकडचं पाणी स्पितीतून सतलजला, तिकडचं चंद्रेतून चिनाबला. काकांनी एक पाय इकडं, एक तिकडं ठेवून फोटो काढून घेतला आणि माहिती दिली की चिनाब आणि सतलज खाली पाकिस्तानात पंजनदला एकत्र येतात. 'म्हणजे एकूण फरक शून्य.' भडंगाचं उपकरण तेवढ्यात फट्कन फुटलं. उपकरण खाऊन टाकण्यात आलं.

पलीकडं बातल ते ग्रांफू हा चंद्रा नदीच्या काठचा रस्ता. इथं प्रवाह आमच्या दिशेनं, उतार आमच्या बाजूचा, नदी शेजारी, म्हणजे सिद्धांत अखेर शब्दशः खरा. फक्त रस्ता नव्हता. नारळाएवढे गोटे, त्यांतून वाहणारे ओहोळ, मध्येच वाळू. उतारावर आम्ही चढावर ढकलतो त्यापेक्षा हळू ढकलत होतो. मॅडमनी विचारलं, 'काका, आता काय म्हणणं आहे?'

'उताराबद्दल तक्रार आहे का?'

'नाही.'

'मग झालं. पृष्ठभागाचं म्हणाल तर ते खातं वेगळं.'

ग्रांफू ओलांडून पुढं येईपर्यंत अंधारून आलं. पिकअपवाला ऐकेना, सायकली त्यानं वर चढवल्या, आम्हाला आत कोंबलं आणि अटल बोगद्याच्या तोंडाशी आणलं. ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झालेला, ९.०२ किलोमीटर लांब. दिवे लखलखीत, डांबर गुळगुळीत. पोरानं फोनवर वाचून दाखवलं की एका तोंडाची उंची ३,०६० मीटर आणि दुसऱ्याची ३,०७१. काका ताठ बसले. नऊ किलोमीटरांत अकरा मीटर. एकास आठशेच्या घरात. सबंध प्रवासात जिला मनापासून सपाट म्हणता येईल अशी ही एकच वाट, आणि ती ते पिकअपमध्ये, हळदीच्या व्यापाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून पार करत होते. त्यांनी ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केली.

'भैया, गाडी रोको. हम सायकल से आएगा.'

'अंदर रुकना मना है, अंकल.'

बोगदा संपेपर्यंत काकांनी पाणसळ मांडीवर धरून ठेवली होती. बुडबुडा मधोमध होता. मनालीला उतरल्यावर एम.बी.त शेवटची नोंद पडली: 'अटल बोगदा, ९.०२ किमी. वाहनाने. (खेद.)'

काकूंनी आल्यावर आम्हाला चहाला बोलावलं आणि बजावलं, 'चढ किती होता ते यांना विचारू नका. सपाट होतं म्हणतील.' ते म्हणालेच.

येत्या उन्हाळ्यासाठी काकांनी झंस्कार नदी काढली आहे. निमूहून पदुमपर्यंत काठाकाठानं. भागाकार झालाय, एकास चारशेच्या आसपास येतं, रेघ पट्टीनं मारून झाली आहे. ग्रुपमध्ये दोन जागा आहेत. येणार असाल तर पुढं २२ आणि मागं ३६ दात्यांचं गिअर बसवून या, भडंगाच्या पुड्या जास्त आणा, आणि काकांनी सरासरी सांगितली की ती आदरानं ऐकून घ्या. कमाल किती ते बँकेतल्या मॅडमना विचारा.